खान्देशाचा नकाशा स्वतः काढताना : गावं, वाटा आणि माणसं

खान्देशात नव्याने आलेल्या माणसाच्या हाती आधी पडतो तो तीन रंगांचा नकाशा. जळगाव एका रंगात, धुळे दुसऱ्या, नंदुरबार तिसऱ्या. बदलीवर आलेल्या शिक्षकाला किंवा बँकेतल्या अधिकाऱ्याला कचेरीच्या कामापुरता तो पुरतो. पण रावेरची केळी कुठल्या स्टेशनावर चढते, शिरपूरहून उत्तरेला निघालं की अहिराणी कुठे विरळ होते आणि पावरी कुठे कानावर पडू लागते, धडगावला शहाद्यावरून जावं की तळोद्यावरून, यातलं काहीच त्या रंगांत दिसत नाही. तसा नकाशा आपला आपणच काढावा लागतो. लागतं ते फारसं नाही: एक जुना लॅपटॉप, एक जाड वही, आणि एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास'चा पास.

माझा आग्रह एकच. जिल्ह्याची रेघ सगळ्यात शेवटी काढा. आधी पाणी, मग पाण्यावरचे पूल, मग रस्ते, मग बाजाराची गावं, मग माणसं. रेघ आधी काढली की हात आपोआप तिच्या आतच रंग भरत राहतो, आणि खान्देशातली कुठलीच बोली, कुठलाच समाज त्या रेघेला विचारून राहायला आलेला नाही.

पहिली पायरी : कागद केवढा?

सरकारी हिशेबात आजचा खान्देश म्हणजे जळगावचे १५, धुळ्याचे ४ आणि नंदुरबारचे ६ मिळून २५ तालुके. इंग्रजी अमलात हा सगळा एकच जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश असे दोन भाग झाले; पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. नंदुरबार धुळ्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्यामुळे जुनी कागदपत्रं चाळताना 'पश्चिम खान्देश' दिसलं की आजचे दोन जिल्हे समजायचे.

पण या २५ तालुक्यांच्या कडेवर कागद संपवलात तर नकाशा लंगडा होईल. मालेगाव, बागलाण आणि नांदगाव १८६९ साली नाशिक जिल्हा झाला तेव्हा तिकडे गेले, त्याआधी ते खान्देशातच मोडत. अहिराणी आजही तिथे घराघरांत आहे. पूर्वेला बऱ्हाणपूर तर फारुकी सुलतानांची राजधानी. अकबराने १६०१ मध्ये अशीरगड घेतला आणि ती सत्ता संपली. आज ते शहर मध्य प्रदेशात आहे, पण रावेरच्या बाजारातला माणूस त्याला परका मुलूख मानत नाही. पश्चिमेला उकाईचा फुगवटा, दक्षिणेला कन्नड आणि सोयगावची कड, उत्तरेला सेंधवा. एवढं सगळं समासात तरी यायला हवं.

आता हिशेब. नवापूर-अक्कलकुव्याच्या पश्चिम टोकापासून मुक्ताईनगरच्या पूर्व टोकापर्यंत सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर, आणि चाळीसगावच्या दक्षिण कडेपासून नर्मदेपर्यंत सुमारे २००. १:५,००,००० या प्रमाणाला एक सेंटिमीटर म्हणजे ५ किलोमीटर, म्हणजे नकाशा ६० बाय ४० सेंटिमीटरचा झाला. ए-टू कागद ५९.४ बाय ४२ चा असतो. त्यावर हा बसल्यासारखा वाटतो आणि नेमका बसत नाही, वर समास आणि सूचीला जागाच उरत नाही. ए-वन घ्या. भिंतीवर लावायचा असेल आणि पाडे दाखवायचे असतील तर १:२,५०,००० धरा, मग चार ए-वन जोडावे लागतील. नवशिक्याने पहिला नकाशा पाच लाखांवरच काढावा.

दुसरी पायरी : आधाराचे नकाशे

भारतीय सर्वेक्षण विभागाचे टोपोशीट, म्हणजे भूरचना दाखवणारे तपशीलवार नकाशे, हा पाया. विभागाच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करून ते उतरवून घेता येतात. त्यांची क्रमांकाची रीत एकदा समजली की शोधाशोध राहत नाही. ७२ ते ७६ अंश रेखांश आणि २० ते २४ अंश अक्षांश एवढा चौकोन म्हणजे ४६ क्रमांकाचं पान. त्याचे अंशाअंशाचे १६ तुकडे, इंग्रजी ए पासून पी पर्यंत अक्षरं दिलेले. उत्तरेकडून खाली उतरत जायचं आणि मग शेजारच्या स्तंभाला लागायचं. त्या हिशेबाने नवापूर ४६ जी मध्ये येतं, नंदुरबार आणि शहादा ४६ के मध्ये, धुळे ४६ एल मध्ये. जळगाव शहर २१ अंश अक्षांशाच्या अगदी काठावर बसलं आहे, त्यामुळे ४६ ओ आणि ४६ पी अशी दोन्ही पानं लागतात. रावेर ७६ रेखांश ओलांडून जातं, म्हणजे ते थेट ५५ सी मध्ये. रावेर-मुक्ताईनगरचा भाग नवशिक्याच्या नकाशातून गायब असतो त्याचं कारण बहुधा हेच: ४६ ची सगळी पानं मिळाली म्हणून माणूस थांबतो.

प्रत्येक तुकड्याची पुन्हा १:५०,००० प्रमाणाची १६ पानं होतात. ती सगळी घेत बसू नका. ज्या पट्ट्यात फिरणार आहात तेवढीच घ्या.

काम करायला क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. रस्ते आणि वस्त्या ओपनस्ट्रीटमॅपवरून घ्या, उपग्रहचित्र इस्रोच्या भुवनवर पाहा, गावशिवाराची हद्द राज्याच्या महाभूनकाशावर तपासा. प्रोजेक्शनचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या रीतीचा, घोळ खान्देशापुरता सोपा आहे. अख्खा प्रदेश यूटीएम या प्रोजेक्शनच्या ४३ उत्तर या एकाच पट्ट्यात बसतो, तेवढं सुरुवातीला निवडून टाका. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्राने नकाशासंबंधीचे नियम बरेच सैल केले, त्यामुळे आपल्यासारख्याला परवानगीच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. तरी भुसावळ आणि वरणगावच्या आयुधनिर्माणी कारखान्यांच्या भिंतीआत काय आहे ते दाखवायचा उत्साह करू नका. गावाचं नाव पुरे.

तिसरी पायरी : तापी आणि तिच्या दोन बाजू

सगळ्यात आधी तापी. ती बऱ्हाणपूरकडून येते, चांगदेवजवळ पूर्णा तिला मिळते, आणि मग ती पश्चिमेला चालू लागते. ही एक रेघ काढली की खान्देश दोन पट्ट्यांत उभा राहतो. उत्तरेचा पट्टा तापी आणि सातपुडा यांच्या मध्ये दाबलेला, अरुंद, काळ्या मातीचा: रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा. दक्षिणेचा पट्टा ऐसपैस, आणि त्यात दक्षिणेकडून नद्या उतरतात: वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई. उत्तरेकडून सुकी, अनेर, अरुणावती, गोमाई येतात, पण त्या आखूड. सातपुडा इतका जवळ आहे की त्यांना लांब व्हायला जागाच नाही.

नवापूरची रंगावली या दोन्ही पट्ट्यांना फटकून आहे, ती पुढे उकाईच्या पाण्यात जाते. आणि अक्राणी-अक्कलकुव्याची उत्तर बाजू तापीची नाहीच, तिचं पाणी नर्मदेला जातं. तिथे सातपुड्याच्या कण्यावरून एक पाणलोट रेषा काढा, हलकी तुटक. ही रेषा पुढे माणसांच्या पायरीत फार उपयोगी पडते.

नर्मदाकाठी एक सावधगिरी. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं पूर्ण किंवा अंशतः गेली. जुन्या टोपोशीटवर ती अजून जागच्या जागी आहेत. मणिबेलीसारखी नावं डोळे झाकून नकाशावर उतरवू नका. आजचं पाणी उपग्रहचित्रावरून घ्या आणि जुन्या गावठाणाला वेगळी खूण द्या. तिथून उठलेल्या कुटुंबांच्या वसाहती तळोदा आणि शहादा तालुक्यांत आहेत, सोमावल, रोझवा ही त्यांतली नावं. त्यांनाही खूण हवी, कारण त्या वसाहतींतली बोली शेजारच्या गावाची नसते.

चौथी पायरी : पूल, रस्ते, रूळ

तापी ओलांडायची कुठे, हा खान्देशातल्या प्रवासाचा पहिला प्रश्न. पलीकडच्या काठावरचं गाव दोन-तीन किलोमीटरवर डोळ्यांना दिसत असतं आणि गाडीने जायला तासभर लागतो. म्हणून रस्ते काढायच्या आधी पूल काढा: प्रकाशा, सारंगखेडा, शिरपूरकडचा सावळद्याचा, जळगाव-चोपडा रस्त्यावरचा विदगावचा, भुसावळ-यावलचा. पावसाळ्यात पाणी चढलं की कुठला बंद होतो हे एसटीच्या वाहकाला विचारा, बाजूला लिहून ठेवा.

रस्त्यांचा सांगाडा शिडीसारखा आहे. दोन लांब बाजू पूर्व-पश्चिम, मधल्या पायऱ्या उत्तर-दक्षिण. दक्षिण काठची लांब बाजू म्हणजे सुरत-नागपूर महामार्ग: नवापूर, विसरवाडी, कोंडाईबारी घाट, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर. त्याचा क्रमांक आता ५३ आहे, पण चहाच्या टपरीवर विचाराल तर तो अजून 'सहा नंबर'च. नकाशावर दोन्ही क्रमांक द्या. उत्तर काठची बाजू म्हणजे अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता: अक्कलकुवा, तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर. मधल्या पायऱ्यांत सगळ्यात जाड आग्रा रोड, लळिंग, धुळे, शिरपूर, पळासनेर करत बिजासन घाटाने सेंधव्याला जाणारा. मग धुळे-चाळीसगाव-कन्नड घाट, जळगाव-पहूर-अजिंठा, आणि पश्चिमेला शेवाळी-नेत्रंग, जो साक्रीकडून नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा करत गुजरातेत उतरतो.

ही शिडी नवी नाही. १७ व्या शतकात ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून बऱ्हाणपूरला गेला तो नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशाच वाटेने. थाळनेर तेव्हा मोठं ठाणं, फारुकींची पहिली गादी तिथलीच. मग रेल्वे आली आणि तिने दक्षिण काठ धरला. थाळनेर मागे पडलं, आणि भुसावळसारखं तोवर कुणी नाव न घेतलेलं गाव जंक्शन झालं. आजच्या नकाशावर उत्तर काठाला एकही मोठं शहर नाही आणि दक्षिणेला जळगाव, भुसावळ, धुळे आहेत, याचं निम्मं उत्तर रुळात आहे. सावदा आणि रावेर हे थोडे अपवाद: भुसावळ-खांडवा मार्ग तिथून जातो, आणि केळीच्या वाघिणी तिथेच भरतात.

रूळ काढताना भुसावळपासून सुरुवात करा. पश्चिमेला जळगाव, पाचोरा, चाळीसगाव करत मुंबईकडे. ईशान्येला सावदा, रावेर, बऱ्हाणपूर. पूर्वेला बोदवड, मलकापूर, नागपूर. जळगावहून सुरत मार्ग फुटतो: धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर. जुन्या कागदांत तो 'ताप्ती व्हॅली रेल्वे' म्हणून येतो. हा मार्ग पश्चिम रेल्वेकडे आणि भुसावळ विभाग मध्य रेल्वेकडे, त्यामुळे जळगाव स्टेशनावर एकाच गाडीच्या चौकशीला कधी कधी दोन तोंडांची उत्तरं मिळतात. चाळीसगाव-धुळे हा फाटा वेगळा. धुळे-नरडाणा अजून व्हायचा आहे, तो तुटक रेघेने दाखवा. मनमाड-इंदूर मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ च्या सप्टेंबरात मंजुरी दिली, त्याचाच हा भाग. पाचोरा-जामनेरची अरुंद रुळाची 'पीजे' टाळेबंदीत थांबली ती थांबलीच, रूंदीकरणाची वाट पाहते आहे. तिलाही तुटक रेघ द्या पण रंग वेगळा ठेवा. व्हायची असलेली आणि बंद पडलेली, या दोन गोष्टी एकाच खुणेत कोंबल्या की वाचणारा स्टेशनावर जाऊन बसतो.

नवापूर स्टेशनासाठी कोपऱ्यात एक मोठा चौकोन काढाच. राज्याची सीमा फलाटावरूनच जाते. एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, घोषणा मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजीत. पाच लाखांच्या प्रमाणाला स्टेशन एका ठिपक्यात मावतं आणि तुमचं सॉफ्टवेअर त्याला कुठल्यातरी एका राज्यात ढकलून मोकळं होतं.

सातपुड्यात मात्र रस्त्याचा दर्जा रंगावरून कळत नाही. चांदसैली घाट, देवगोई घाट, तोरणमाळचा घाट: कागदावर डांबरी, प्रत्यक्षात दरड कोसळली की चार दिवस बंद. इथे मी एसटीची 'मुक्कामी गाडी' ही मोजपट्टी वापरतो. संध्याकाळी जाऊन रात्री गावातच थांबणारी आणि पहाटे परत फिरणारी गाडी ज्या गावाला जाते, तिथवर रस्ता बारमाही आहे असं धरायला हरकत नाही. त्यापुढे काळी-पिवळी आणि क्रूझर, त्यापुढे पाय, आणि नर्मदेला भिडलात की होडी. मुक्कामी गाड्यांची यादी आगारात मिळते. नंदुरबार जिल्ह्याचा आगारांचा कारभार एसटीच्या धुळे विभागाखाली चालतो, हे माहीत असलं की चुकीच्या दारात तासभर उभं राहणं टळतं.

विमानतळ जळगावला आहे. धुळ्याला गोंदूरची धावपट्टी. दोन खुणा, विषय संपला.

पाचवी पायरी : कुठलं गाव किती ठळक

लोकसंख्येवरून ठिपक्याचा आकार ठरवायचा हा सरधोपट मार्ग. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहर ४ लाख ६० हजारांच्या आसपास, धुळे पावणेचार लाख, भुसावळ १ लाख ८७ हजार, नंदुरबार १ लाख ११ हजार. वरच्या चौघांपुरतं हे ठीक. खाली उतरलात की आकडा फसवतो. शिंदखेडा तालुक्याचं ठाणं, पण व्यापार दोंडाईच्यात. फैजपूर यावल तालुक्यात, तरी प्रांत कचेरी फैजपूरला. म्हणून दुय्यम गावांसाठी मी आकडा सोडून चार गोष्टी मोजतो: एसटीचं आगार, बाजार समिती, रुग्णालय, आणि आठवडे बाजार. चारही असतील तर मोठा ठिपका, एखादीच असेल तर टाचणीएवढा.

आठवडे बाजाराचा वार गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहा. ही माहिती पुस्तकात शोधू नका, ग्रामपंचायतीत किंवा जीपवाल्याकडे मिळते. वार भरत गेलात की शेजारशेजारची गावं एकमेकांचा वार टाळताना दिसतात, आणि व्यापारी टेम्पो आठवडाभर कसा फिरतो ती वाट आपोआप कागदावर उमटते.

नावांचा घोळ इथे निस्तरून घ्या, पुढे जड जातो. अक्राणी हा तालुका, पण त्याचं ठाणं धडगाव. बसच्या पाटीवर धडगावच असतं. मुक्ताईनगर पूर्वीचं एदलाबाद. धुळ्याचं इंग्रजी जुनं रूप 'धुलिया', आणि जुन्या रेल्वे नकाशांत तेच. एकाच नावाची गावं तर ढिगाने. बुद्रुक आणि खुर्द महाराष्ट्रभर आहेत, खान्देशात त्यावर आणखी एक शेपूट असतं: 'प्र.' किंवा 'त.'. प्र. म्हणजे प्रगणे, त. म्हणजे तर्फ, दोन्ही जुने महसुली विभाग. धुळ्याजवळचं मोराणे सातबाऱ्यावर 'मोराणे प्र. ल.' असतं, म्हणजे लळिंग प्रगण्यातलं. चोपड्याकडे 'धानोरा प्र. अ.', म्हणजे अडावद प्रगण्यातलं. शहाद्याकडे 'त. बो.' दिसलं की तर्फ बोरद. नवखे लोक ही अक्षरं कचरा समजून काढून टाकतात आणि मग यादीत दोन-तीन धानोरे एकमेकांवर बसतात. शेपूट राहू द्या. उलट ती अक्षरं गोळा केलीत तर जुन्या प्रगण्यांचा आख्खा नकाशा फुकटात हाती येतो.

सहावी पायरी : माणसं

इथे घाई करू नका. बाकी सगळं चुकलं तर प्रवासी रस्ता चुकतो; हे चुकलं तर गाव नाराज होतं, आणि ते बरोबरच आहे.

आधी आकड्यांची कुवत ओळखा. जनगणना गावपातळीवर अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींचे आकडे देते, बाकी जातींचे नाही. २०११ ला नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण ६९ टक्क्यांच्या वर, धुळ्यात ३१ च्या वर, जळगावात १४ च्या आसपास. मातृभाषेसाठी सी-१६ हा तक्ता पाहा. त्यात खान्देशी ही स्वतंत्र भाषा धरून देशभरात साडेअठरा लाखांच्या आसपास माणसं दिसतात. हा आकडा कमी वाटेल, आणि तो कमीच आहे. घरात अहिराणी बोलणारी कितीतरी कुटुंबं प्रगणकाला 'मराठी' सांगून मोकळी होतात. गेल्या शतकाच्या आरंभी ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाने खान्देशीला भिल्ल भाषांच्या खंडात बसवलं होतं, ते अनेकांना रुचलेलं नाही. वाद तुम्ही सोडवायचा नाही, फक्त ती कुठे बोलली जाते ते टिपायचं.

आता ठोकळमानाने काय कुठे. अहिराणीचा गाभा म्हणजे धुळे, साक्री, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा, एरंडोल, भडगाव, चाळीसगाव, आणि नाशिककडचं बागलाण-मालेगाव. जळगाव शहर ओलांडून पूर्वेला गेलात की यावल, रावेर, भुसावळ, बोदवड भागात लेवा गणबोली सुरू होते, बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे महाराष्ट्राच्या कानाला ओळखीची असलेली. जामनेरकडे तावडी. पट्टा ओळखायची साधी खूण: 'आहे'च्या जागी अहिराणीत 'शे' ऐकू येईल, लेवात 'हाये'. स्टँडवर दहा मिनिटं उभं राहिलात तरी कळतं. शहादा, तळोदा, शिरपूर, चोपडा आणि रावेर-यावलच्या सुपीक पट्ट्यात गुजर समाजाची मोठी गावं, घरात गुजरी. दोंडाईचा, शिंदखेडा, शिरपूर भागात गिरासे राजपूत. चाळीसगाव, पाचोरा, जामनेरच्या डोंगरकडेला बंजारा तांडे आणि गोरबोली. मराठा-कुणबी, माळी, कोळी, तेली, बौद्ध, मुस्लिम वस्त्या जवळपास सगळीकडे. त्यांना पट्टा देता येत नाही आणि देऊही नये.

सातपुड्यात 'आदिवासी' असा एकच हिरवा रंग फासणं हा नेहमीचा आळस. धडगावच्या पठारावर आणि शहाद्याच्या उत्तरेला पावरा. तेच पूर्वेला शिरपूर, चोपडा, यावलच्या डोंगरात बारेला म्हणूनही ओळखले जातात. अक्कलकुवा-तळोद्याकडे भिल्ल, बोली देहवाली. नवापूरला मावची, त्यांच्यात ख्रिस्ती कुटुंबंही बरीच. साक्रीचा पश्चिम भाग आणि नवापूरची कड कोकणा समाजाची, आणि त्यांचा रत्नागिरी-सिंधुदुर्गाशी संबंध लावू नका. 'तडवी' या नावापाशी तर थांबाच. यावल, रावेर, चोपड्याचे तडवी भिल्ल मुस्लिम आहेत. नर्मदाकाठचे तडवी वेगळे, त्यांची सोयरीक गुजरातेतल्या काठाशी. एकाच नावाला एकच रंग दिलात तर दीड-दोनशे किलोमीटर दूरच्या, एकमेकांशी रोटी-बेटी नसलेल्या माणसांना तुम्ही एका घरात बसवलं.

आडनावावरून तर मुळीच ठरवू नका. खान्देशात 'पाटील' मराठा असू शकतो, लेवा, गुजर किंवा राजपूतही. 'चौधरी' आणि 'महाजन' यांचंही तेच. पाडवी, वळवी, वसावे, गावित ही नावं आदिवासी समाजांकडे बोट दाखवतात खरी, पण त्यातली जमात कोणती, हे विचारल्याशिवाय समजत नाही. विचारायचंही सरळ: 'घरात कोणती बोली?' जातीचा प्रश्न परक्याने पहिल्या भेटीत विचारला की समोरचा माणूस आधी हे विचारतो की तुम्ही कुठल्या पक्षाचे.

दाखवायचं कसं? भरीव रंगाचे पट्टे नकोत. अनुसूचित जमातींसाठी ठिपके, एक ठिपका म्हणजे एक हजार माणसं. बोलींसाठी तिरप्या रेघा, आणि जिथे दोन बोली चालतात तिथे दोन दिशांच्या रेघा एकमेकींवर. चोपड्याच्या उत्तरेला, शिरपूरच्या कडेला कागद असा जाळीदार होईल, होऊ द्या. बोलीच्या पट्ट्याला काठ काढू नका. अक्राणी, अक्कलकुव्यात ठिपका गावठाणावर ठेवू नका, कारण तिथे गाव म्हणजे टेकाडाटेकाडांवर विखुरलेले पाडे. ठिपके पाड्यांवर वाटा. पारधी किंवा इतर भटक्या कुटुंबांची पालं नेमकी कुठे आहेत ते दाखवू नका. त्या खुणेचा उपयोग त्यांना होत नाही, त्रास देणाऱ्याला होतो.

हे सगळं एका जागी बसून पाहायचं तर धडगावचा बाजार. आमचूर आणि मोहाची फुलं घेऊन डोंगरातल्या बाया आधी येतात, शहाद्याकडून कापड-भांड्यांचे टेम्पो नंतर. कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतो तेवढंच टिपा. आपसांत पावरी, व्यापाऱ्याशी अहिराणी किंवा गुजरीमिश्रित मराठी, कचेरीत शुद्ध मराठीचा प्रयत्न. होळीच्या आधीच्या आठवड्यातले बाजार भोंगऱ्याचे; तेव्हा गर्दी प्रचंड आणि माणसं लांबून आलेली, मजा घ्यायला जा, मोजायला नको. काठी गावाची राजवाडी होळी, सारंगखेड्याची दत्तजयंतीची घोड्यांची यात्रा, यांचंही तसंच. यात्रा ही तारखेसह वेगळी खूण.

ऋतूही लिहून ठेवा. दिवाळीनंतर सातपुड्यातली कितीतरी घरं कुलूपबंद होतात. माणसं ऊसतोडीला गुजरातेत आणि राज्याच्या इतर भागांत जातात. जानेवारीत मोजलेला पाडा आणि पावसाळ्यात मोजलेला पाडा यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

सातवी पायरी : तपासणी आणि छपाई

आता जिल्ह्यांच्या सीमा टाका. बारीक, करड्या, नावं कडेला.

कच्ची प्रत काळ्या-पांढऱ्यात काढा आणि ती फिरवा. तीन जणांना दाखवलीच पाहिजे: लांब पल्ल्याच्या गाडीवरचा एसटी वाहक, डोंगरातल्या शाळेवर वर्षानुवर्षं असलेला शिक्षक, आणि बाजारोबाजार फिरणारा भांडीवाला. वाहक अंतरं आणि फाटे दुरुस्त करतो, शिक्षक पाड्यांची नावं, भांडीवाला वार. तिघांची शाई वेगवेगळ्या रंगाची ठेवा, म्हणजे पुढे शंका आली की कुणाकडे जायचं ते कळतं. जिथे दोघांत मतभेद असतील तिथे स्वतः जाऊन पाहा.

नावं देवनागरीत छापा, आणि स्थानिक उच्चार वेगळा असेल तर कंसात द्या. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती वापरली असेल तर त्यांचा उल्लेख खालच्या कोपऱ्यात करणं बंधनकारक आहे. शेजारी महिना आणि वर्ष. तुम्ही सापडवलेले नवे पाडे, पूल, बाजार त्याच ओपनस्ट्रीटमॅपवर मराठी नावानिशी चढवून टाका. सातपुड्याचा भाग तिथे अजून ओसाड आहे.

छपाईला जळगाव किंवा धुळ्यात बांधकामाचे आराखडे छापणाऱ्या दुकानात जा, ए-वन तिथे सहज निघतो. दोन प्रती काढा. एक जपून ठेवायला, दुसरी शाळेच्या शिक्षकखोलीत नाहीतर ग्रामपंचायतीत टांगायला, दोरीला लाल पेन बांधून.